आज काय आहे?

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या घरात सकाळचा चहा गॅसवर असतानाच एक प्रश्न ठरलेला असतो. आज काय आहे? विचारतात आई, म्हणजे माझ्या सासूबाई, आणि उत्तर दोन ठिकाणांहून येतं. एक स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवरून, ज्याच्यावर दुधाचे खाडे आणि गॅसचा नंबर लावल्याची तारीख पेनानं लिहिलेली असते, आणि दुसरं माझ्या मुलाच्या मोबाइलवरून. कॅलेंडर सांगतं आज संकष्टी, मोबाइल सांगतो आज अमक्याचा जागतिक दिवस. परवा 17 जुलैला इमोजी दिन झाला, का तर मोबाइलमध्ये कॅलेंडरचं जे छोटं चित्र असतं त्याच्यावर 17 जुलै लिहिलेलं दिसतं म्हणून. आईंना हे कारण इतकं आवडलं की दुपारी भाजीवाल्या मावशींनासुद्धा सांगून झालं.

तर मला हे दोन्हीकडचे दिवस आवडतात, मनापासून आवडतात. जुने सण खरे आणि हे नवीन दिवस खोटे असं मी मानत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की दिवस कुठलाही असू दे, त्या दिवशी हाताला काम पाहिजे आणि पानात काहीतरी पाहिजे. पुन्हा सांगते, हाताला काम आणि पानात पदार्थ. हे दोन असले की दिवस घरात राहतो, नाहीतर सकाळी फुलांचा फोटो येतो, आपण तो पुढे ढकलतो आणि दहा वाजेपर्यंत विसरूनही जातो.

आपल्या सणांचं बघा ना, तुम्हाला सगळ्यांना माहीत असलेलंच सांगतेय. पाडव्याला गुढी उभारायची आणि कडुलिंब चावायचा. संक्रांतीला तिळगूळ नुसता खायचा नाही, दारोदार जाऊन द्यायचा. बोरन्हाणात पोरांच्या डोक्यावरून बोरं ओतायची आणि बाकीच्या पोरांनी ती वेचायची. चातुर्मासात वांगी बंद आणि मग चंपाषष्ठीला भरीत, इकडे पुण्यातून जेजुरीला जाणारी मंडळी जातातच, पण घरी राहिलेल्यांनाही त्या दिवशी वांगं भाजायचं असतंच. प्रत्येक सणाला काहीतरी करायचं आहे. कोजागरीला तर जागायचं हेच काम.

नवीन दिवसांनाही असं काम देता येतं. 20 मार्चचा जागतिक चिमणी दिवस घ्या. हा कुठल्या परदेशातून आलेला नाही बरं का, आपल्या नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांनी सुरू केला, 2010 पासून साजरा होतो. त्या दिवशी आम्ही गॅलरीत मातीच्या परळात पाणी ठेवतो ते थेट पाऊस लागेपर्यंत. तसंच 15 सप्टेंबरचं, अभियंता दिन, विश्वेश्वरय्यांचा जन्मदिवस. ते इंजिनिअरिंग आपल्या पुण्यातच शिकले आणि पाणी वाढलं की आपोआप उघडणारे दरवाजे त्यांनी तयार केले, ते 1903 साली खडकवासल्याला बसवले. म्हणून आमच्याकडे त्या दिवशी घरातले सगळे ढिले स्क्रू आवळायचे, कढयांचे कान, कपाटाच्या बिजागऱ्या, करकरणारा पंखा, आणि विश्वेश्वरय्या कर्नाटकातले म्हणून रात्री बिसी बेळे भात. मुलगा चौथीत असल्यापासून हे चालू आहे आणि पंधरा सप्टेंबर जवळ आला की तो स्वतः पान्हा आणि पेचकस शोधायला लागतो.

1 जुलैला जरा गर्दी होते. डॉक्टर दिन त्याच दिवशी, सीए लोकांचा दिवसही तोच आणि वसंतराव नाईकांच्या जयंतीचा कृषी दिनसुद्धा. आणि त्याच्या बरोबर महिनाभर आधी 1 जून, त्या दिवशी तर आपल्याकडे अर्ध्या गावाचा वाढदिवस, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट तीच तारीख टाकलेली. आमच्या आईंचाही कागदोपत्री वाढदिवस 1 जूनच, आणि खरा आहे आषाढातला. माझं तर मत आहे की अशा लोकांना दोन्ही दिवशी गोड मिळालं पाहिजे.

पण मला आज खरं जे सांगायचंय ते दिव्याच्या अवसेचं. आषाढ संपत आलाय, अवस अगदी तोंडावर आहे, आणि त्या दिवसाची एक गोष्ट मी भेटेल त्याला सांगते, आज तुम्ही भेटलात.

पाच-सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही नारायण पेठेत राहतो, पूर्वी वाडा होता, आता रिडेव्हलपमेंट होऊन बिल्डिंग झाली, तिसऱ्या मजल्यावर आम्ही. दिव्याच्या अवसेला आई सकाळपासून घरातले सगळे दिवे काढून घासायला बसतात. समया, निरांजनं, लामणदिवा, पंचारती. आधी चिंच आणि मीठ, मग रांगोळीनं घासणं, मग कोरड्या फडक्यानं पुसणं. या सगळ्यात एक कंदील असतो आणि त्याला कुणी हात लावायचा नाही, तो आई स्वतः पुसतात. 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटून पुण्यात पूर आला तेव्हा आई सोळा वर्षांच्या, माहेर नदीकाठच्या पेठेतच. घरात पाणी शिरलं आणि सगळे जे हाताला लागेल ते घेऊन वर पळाले, आईंच्या हाताला कंदील लागला. पाणी ओसरल्यावर कितीतरी रात्री घरात उजेड म्हणजे तो एक कंदील. लग्नात तो त्यांनी मागून आणला. भांडी नकोत पण कंदील द्या म्हणाल्या.

तर त्या दिवशी आईंनी नातवाला सांगितलं, माळ्यावर चिमणी आहे ती काढून आण. आता त्यानं त्याच वर्षी मार्चमध्ये शाळेत चिमणीचं घरटं बनवलेलं, पुठ्ठ्याचं, त्याच्या डोक्यात चिमणी म्हणजे चिमणीच. तो स्टूलवर चढला, माळ्यावर टॉर्च मारला, पाच मिनिटं तिथंच, आणि वरून ओरडून सांगतोय, आजी, इथं चिमणी नाहीये, खिडकीत कबूतर आहे, चालेल का? आई हसून हसून भिंतीला टेकल्या. मग त्याला सांगितलं की अरे रॉकेलची चिमणी, छोटा पत्र्याचा दिवा, वात वर येते ना तो. तो दिवा पहिल्यांदाच बघत होता. (कबुतरांचं मात्र मी सांगते, बिल्डिंगच्या गच्चीवर पोतं पोतं धान्य टाकणं बंद झालं पाहिजे, चिमण्यांना जागाच उरत नाही आणि सगळ्यांच्या गॅलऱ्यांना जाळ्या लागल्यात.)

संध्याकाळी पाट मांडला, रांगोळी घातली, दिवे ओळीनं ठेवले. आणि मग आईंनी नातवाला विचारलं, तुझा दिवा कुठाय? त्याला कळेना. आई म्हणाल्या, ज्याच्या उजेडात तू अभ्यास करतोस तो. मग त्याचा टेबल लॅम्प आला पाटावर. मग टॉर्च आला. मग इमर्जन्सी लाइट आला. मोबाइलमध्येपण टॉर्च आहे म्हणाला तो, तर आई म्हणाल्या, आण, त्यालाही लावू. स्कूटर काही वर आणता येईना, म्हणून हेडलाइटच्या नावानं किल्ली ठेवली. सगळ्यांना हळदकुंकू, सगळ्यांना फूल. टॉर्चला हळदकुंकू लावताना आईंचा चेहरा समईला लावताना होता तसाच होता, अगदी तस्साच.

साडेसात वाजले असतील, बाहेर धो धो पाऊस, आणि कोपऱ्यावर धडाम आवाज झाला आणि लाइट गेली. सगळ्या पेठेत अंधार. जिन्यात लहान मूल रडल्याचा आवाज आला, खालच्या मजल्यावर नवीन जोडपं राहायला आलेलं, त्यांचं बाळ. त्यांचा इन्व्हर्टर बंद पडला होता आणि दोघांच्याही मोबाइलची बॅटरी संपत आलेली. आमचं दार पूजेसाठी उघडंच होतं आणि पाटावरच्या सगळ्या दिव्यांचा उजेड जिन्यात पडलेला, त्या उजेडानं ते बाळाला घेऊन वर आले. आईंनी त्यांना काही विचारलं नाही, बसा म्हणाल्या, आणि बाळ दिव्यांकडे बघून गप्प झालं. मग समोरचे आले. मग पहिल्या मजल्यावरच्या आजी-आजोबांना माझा मुलगा पाटावरचाच टॉर्च घेऊन हाताला धरून घेऊन आला, टॉर्चला अजून हळदकुंकू होतं.

आणि मग चौथ्या मजल्यावरचे काका आले. हे गृहस्थ चार वर्षांत माझ्याशी एकच वाक्य बोललेले, पाणी आलं का? ते दारात उभे, हातात पितळी लामणदिवा, साखळीसकट. म्हणाले, आमच्या आईचा आहे, शोकेसमध्ये असतो, कधी लावला नाही, हा लागेल का? आईंनी तो हातात घेतला, उलटा करून बघितला, बोटानं आतून पुसला आणि विचारलं, वात आहे? ते म्हणाले, नाही. आई म्हणाल्या, मी वळते. आणि तिथंच कापूस घेऊन मांडीवर वात वळली, तेल घातलं आणि काडी काकांच्या हातात दिली, लावा म्हणाल्या, तुमच्या आईचा दिवा आहे. काकांनी तो दिवा लावला आणि मग बराच वेळ ते त्याच्याजवळच बसून राहिले. त्या दिवशी ते आईंशी तासभर बोलत होते, त्यांच्या लहानपणी ते शनिवार पेठेत होते म्हणे, पानशेतच्या वेळी तेही पाण्यातून गेलेले. मग कंदील पुढे आला. आईंनी गॅलरीत जपून ठेवलेली रॉकेलची अर्धी बाटली काढली आणि कंदील पेटवला, आणि दोघंही त्याच्याकडे बघत एकमेकांना पूर कुठपर्यंत आला होता ते सांगत होते.

नैवेद्याला कणकेचे गोड दिवे केले होते, मोजून अकरा, आणि माणसं झाली चौदा. मग दिवे अर्धे अर्धे केले, त्यावर तूप सोडलं. समोरच्यांची छोटी मुलगी सगळ्यांना सांगत होती, मी दिवा खाल्ला, मी दिवा खाल्ला. दहाच्या सुमाराला लाइट आली, झक्कन सगळं पांढरं झालं, आणि आई नातवाला म्हणाल्या, बंद कर रे ती ट्यूब. केली त्यानं.

तेव्हापासून आमच्या बिल्डिंगमध्ये दिव्याची अवस खाली पार्किंगमध्ये होते. प्रत्येकानं आपला दिवा आणायचा, कुठलाही, आणि चौथ्या मजल्यावरचे काका वाती वळतात. शिकलेत आईंकडून. आता स्कूटरचे हेडलाइटपण पूजेला असतात, खालीच असतात ना.

आणि म्हणून मला फार वाईट वाटतं जेव्हा लोक या दिवसाला गटारी म्हणतात. ज्यांना श्रावणाआधी सामिष जेवायचं त्यांनी जरूर जेवावं, मटण करावं, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही, पण नाव दिव्याचं आहे, ते दिव्याचंच राहू द्या. दिव्याची अवस म्हणा.

श्रावणाच्या अखेरीला पिठोरी अवस येते, आपला आईचा दिवस, तेव्हाही हे लक्षात ठेवा. मे महिन्यातला मदर्स डे आपण करतोच, तो अमेरिकेत अ‍ॅना जार्विस नावाच्या बाईंनी आपल्या आईच्या आठवणीसाठी सुरू केला, 1908 मध्ये, आणि पुढे छापील कार्डांचा बाजार झाला तेव्हा त्याच बाई त्याच्याविरुद्ध भांडल्या. मला त्या बाईंबद्दल फार आदर वाटतो. आपल्या पिठोरीला कार्ड नाहीच. आई खीरपुरीचं वाण डोक्यावर धरते, मागे न बघता विचारते, अतीत कोण? आणि मागून मूल म्हणतं, मी. बस, एवढंच. माझा मुलगा आता माझ्यापेक्षा उंच झालाय, तरी मागून मी म्हणतो आणि वाण घेतो, आणि माझे मिस्टर त्यांच्या आईमागे उभे राहून म्हणतात, चोपन्नाव्या वर्षी.

वेळ संपत आली, तर कणकेच्या दिव्यांचं प्रमाण सांगून टाकते, कागद-पेन्सिल घ्या. दोन वाट्या कणीक, पाऊण वाटी चिरलेला गूळ, अर्धी वाटी कोमट पाण्यात विरघळवून गाळून. कणकेत दोन चमचे कडकडीत तुपाचं मोहन, चिमूटभर मीठ, वेलदोड्याची पूड. गुळाच्या पाण्यानं घट्ट भिजवायची, सैल झाली तर दिवा बसतो, परत सांगते, घट्ट भिजवायची. अंगठ्यानं खोलगट करून पुढे चोच काढायची आणि मोदकपात्रात पंधरा मिनिटं वाफवायचे. आणि अकरा नका करू, एकवीस करा.