तिच्या आयुष्यात काही घडत नाही?

'आजच्या कथा-कादंबऱ्यांतली मुलगी' असा विषय संयोजकांनी दिलाय आणि मुलीची गोष्ट नेमकं कोण सांगतं, या मुद्द्यापर्यंत तुम्हाला नेईन असं मी त्यांना कबूल केलंय. नेणार आहे. पण त्याआधी एक तक्रार मांडते. ती बरीच वर्षं मनात आहे, आणि वाचणारी इतकी माणसं एकत्र बसलेली रोज भेटत नाहीत.

एका कथास्पर्धेची मी परीक्षक होते. एक कथा आली होती. सोळा-सतरा वर्षांची मुलगी आतल्या खोलीत बसलीय, बाहेर मोठी माणसं पैशांचं बोलताहेत. कुणी तिच्याविषयी चकार शब्द काढत नाही. पण आकडे ऐकता ऐकता तिला उमगतं, की भावाच्या शिक्षणाची तजवीज झालीय आणि तिच्यासाठी काही उरलेलं नाही. ती उठते, बाहेर येते, कुणाला पाणी हवंय का विचारते. कथा संपली. माझे सहपरीक्षक म्हणाले, "भाषा चांगली आहे, पण यात घडत काहीच नाही." त्याच गठ्ठ्यात दुसरी कथा होती. एक मुलगा घरातून पळून जातो, रात्रभर स्टेशनवर बसतो, सकाळी परत येतो. त्याचंही काही ठरलेलं नसतं. पण त्या कथेबद्दल एकमत झालं: केवढा प्रवास आहे! बक्षीस तिलाच मिळालं. मी भांडले, हरले, आणि अजून माझं मत तेच आहे. पाणी विचारणाऱ्या त्या मुलीच्या आयुष्याचा नकाशा एका दुपारात बदलला होता. ती स्टेशनवर गेली नाही, इतकंच.

हसू नका, तुमच्यातल्या कित्येकांनी हेच वाक्य कुठल्या तरी पुस्तकाबद्दल म्हटलं असेल. 'नायिका काही करतच नाही.' अहो, ती सतत काहीतरी करत असते. कुणाचा आवाज कधी चढतो, आपल्याकडे कोण कसं बघतं, काय बोललं की संकट टळतं, याचा हिशेब ती अखंड मांडत असते. तो हिशेब हीच तिची कृती. लेखिका जमैका किंकेड यांची 'गर्ल' ही १९७८ची कथा वाचा. सगळी मिळून एकच लांबलचक वाक्य. आई सांगतेय: कपडे असे धू, अशी चाल, अशी हस, पाव दाबून ताजा आहे का बघ. मुलगी फक्त दोनदा मध्ये बोलते. दुसऱ्यांदा विचारते, पाववाल्याने मला पावाला हातच लावू दिला नाही तर? एवढ्या उपदेशानंतर तिने नेमकी ती फट शोधलीय, जिथे आईचे सगळे नियम तोकडे पडतात. आणि म्हणे काही घडत नाही!

वाचकही कमी नाहीत. १८६८ साली 'लिटल विमेन' या चार बहिणींच्या कादंबरीचा पहिला भाग आला, आणि या मुलींची लग्नं कुणाशी होतात हे विचारणारी पत्रं लेखिका लुइझा मे अल्कॉट यांना येऊ लागली. जणू बाईच्या आयुष्याचं तेवढंच ध्येय, असं त्यांनी वैतागून रोजनिशीत लिहिलंय. अल्कॉट बधल्या नाहीत असं म्हणावं, तर दुसऱ्या भागात त्यांनी जो या नायिकेचं लग्न लावलंच. फक्त वाचकांच्या पसंतीच्या मुलाशी लावलं नाही.

आणखी एक गोष्ट सांगते, थोडी आडवाटेची आहे. १९३३मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' हे कथांचं पुस्तक आलं. शिकलेल्या, कमावत्या, बिनलग्नाच्या मुलींच्या मनातलं त्यात होतं. गदारोळ झाला आणि विभावरी शिरूरकर या टोपणनावामागची बाई कोण, याची चर्चा रंगली. २०१६मध्ये एलेना फेरांते या इटालियन लेखिकेच्या टोपणनावामागची बाई हुडकायला एका पत्रकाराने मानधनाचे आणि मालमत्तेचे व्यवहार तपासले. मध्ये त्र्याऐंशी वर्षं गेली. मुलींविषयी कुणी खरं लिहिलं की मजकुराआधी लिहिणारीचा माग काढायचा, ही खोड काही गेली नाही. मला याचा मनापासून संताप येतो.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, आता मुद्द्यावर येते, भराभर सांगते.

मुलीची गोष्ट बहुतेक वेळा मोठी झालेली बाई सांगते, आणि पुढचं सगळं तिला ठाऊक असतं. त्यामुळे मुलीच्या प्रत्येक चुकीवर नंतरच्या शहाणपणाची सावली पडते. आजच्या ज्या लेखिका मला मोलाच्या वाटतात, त्या ही अडचण लपवत नाहीत. फेरांतेच्या नेपल्समालिकेत, २०११ ते २०१४मधल्या चार खंडांत, साठी ओलांडलेली निवेदिका, तिचंही नाव एलेनाच, लिहायला बसते ती चिडून. मैत्रीण लीला स्वतःच्या सगळ्या खुणा पुसून नाहीशी झालीय, आणि एलेना तिला पुसली जाऊ देणार नाही. म्हणजे आपण वाचतो ती लीला मैत्रिणीच्या प्रेमातून आणि मत्सरातून गाळून आलेली आहे. हे विसरून ती चार पुस्तकं वाचली, तर निम्मी हातची गेली.

फ्रेंच लेखिका आनी एर्नो यांचं २०१६चं पुस्तक कादंबरी नव्हे, आत्मकथन आहे, पण त्याशिवाय हा मुद्दा पुरा होत नाही. १९५८च्या उन्हाळ्यातल्या स्वतःला त्या 'ती' म्हणतात, लिहिणारीला 'मी'. त्या मुलीला आपल्यात विरघळवून टाकायला त्या नकार देतात. नंतर आलेले शब्द तिच्या तोंडी घालायचे नाहीत, ही शिस्त मला फार मोठी वाटते.

आणि शेवटचं, छो नाम-जू यांची 'किम जीयंग, जन्म १९८२' ही कोरियन कादंबरी, २०१६. एका सामान्य बाईचं बालपण, शाळा, नोकरी, आईपण. मध्येच तळटिपांत खरीखुरी आकडेवारी. अखेरीस कळतं, की हे सगळं तिच्या पुरुष मानसोपचारतज्ज्ञाने लिहिलंय. त्याला सगळं समजलंय, तो हळहळतोय. त्याच्या दवाखान्यातली एक सहकारी गरोदरपणामुळे नोकरी सोडून चाललीय. तेव्हा तो ठरवतो, की तिच्या जागी घ्यायची ती बाई बिनलग्नाचीच बघायची.