फिलिंगला पाणी का सुटतं?

(दृश्य: पाचगणीजवळचं छोटं फळप्रक्रिया युनिट. स्टीलच्या पातेल्यात स्ट्रॉबेरीचा पल्प.)

हंगाम सरत आला की सातारा जिल्ह्यातल्या या पट्ट्यात मऊ पडलेली स्ट्रॉबेरी पल्पला जाते. जॅममध्ये साखर ६५ टक्क्यांच्या आसपास असते, म्हणून पेक्टिन, म्हणजे फळातलाच घट्टपणा आणणारा घटक, जॅम धरतं. पेस्ट्रीच्या फिलिंगला एवढी साखर कोण खाणार? ती कमी केली की पेक्टिन हात टेकतं. स्ट्रॉबेरीत ते मुळातच बेताचं. म्हणून कॉर्नफ्लोअर, म्हणजे मक्याचा स्टार्च.

(दृश्य: फ्रीजमधला डबा. चमचा मारल्यावर खड्ड्यात साचणारं गुलाबी पाणी.)

नुसत्या कॉर्नफ्लोअरचं फिलिंग पहिल्या दिवशी देखणं दिसतं. शिजताना स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, त्यांच्यातलं अमायलोज, म्हणजे स्टार्चचा लांब साखळ्यांचा भाग, बाहेर पाझरतं. गार होताना अमायलोजच्या साखळ्या एकमेकींना बिलगतात आणि त्यांचं पाणी धरणारं जाळं, म्हणजे जेल, बनतं. पण बिलगणं तिथे थांबत नाही. जाळं आवळत जातं, आणि मधलं पाणी बाहेर पडतं.

इथे गवार गम कामाला येतो. आपण भाजी करतो त्याच गवारीच्या बियांचा. तो स्वतः जेल बनवत नाही. फुगलेल्या कणांच्या मधल्या पाण्यात राहतो. कण फुगतील तशी ती जागा आक्रसते, गम तिथे दाटतो, त्यामुळे थोडक्यातच घट्टपणा बराच वाढतो. पाणी धरून ठेवतो आणि अमायलोजच्या जुळणीत अडथळाही आणतो.

१ किलो पल्पला २५० ग्रॅम साखर, ४५ ग्रॅम कॉर्नफ्लोअर, ३ ग्रॅम गम. गम थेट टाकलात तर गुठळ्या होणार, आणि त्या नंतर मोडत नाहीत. त्यातल्याच ३० ग्रॅम कोरड्या साखरेत तो मिसळा, गार पल्प ढवळत भुरभुरा, १५ मिनिटं थांबा. मग उरलेली साखर घालून तापवा. १५० मिली गार पाण्यात कालवलेलं कॉर्नफ्लोअर ओता. साखरेमुळे स्टार्च उशिरा फुगतो, म्हणून ९० अंशांवर २-३ मिनिटं हवीतच. कमी पडली तर पिठूळ चव राहते. जास्त उकळलंत तर फळाच्या आंबटपणाने स्टार्च तुटतो, फिलिंग पातळ होतं. लिंबू आच बंद केल्यावरच. आणि ब्लेंडर लांब ठेवा, फुगलेले कण फुटतात.

गम ५-६ ग्रॅमवर नेला की चमच्याला तार येते, खाताना बुळबुळीत लागतं.

डीप फ्रीझरमध्ये ठेवायचं असेल तर हे प्रमाण पुरत नाही. वितळताना पाणी सुटतंच, गम ते फक्त कमी करतो. तिथे वॅक्सी मक्याचा, म्हणजे अमायलोज जवळजवळ नसलेल्या मक्याच्या जातीचा, तोही मॉडिफाइड (प्रक्रिया करून टिकाऊ केलेला), स्टार्च घ्यावा.