आयटी ही वेगळी डिग्री झाली कशी?

नमस्कार मंडळी! इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म भरायला बसलं की घरात एक वाद ठरलेला. मुलगी म्हणते, "कॉम्प्युटर नाही लागलं तर आयटी टाकते." काका म्हणतात, "अगं, दोन्ही एकच!"

काकांचं आपल्याकडे बऱ्यापैकी खरं आहे. पण आयटीची वेगळी डिग्री हवी म्हणून अमेरिकेत प्राध्यापकांना चक्क मोट बांधावी लागली होती.

नव्वदच्या दशकात इंटरनेट आलं आणि नेटवर्क, सर्व्हर, डेटाबेस सांभाळणाऱ्या माणसांची मागणी वाढली. काही विद्यापीठांनी आयटीच्या पदव्या काढल्या, ज्याने त्याने आपापल्या परीने. पण २००१ साली एसीएम आणि आयईईई कॉम्प्युटर सोसायटी या संगणक क्षेत्रातल्या संघटनांनी अभ्यासक्रमांचा जो आराखडा मांडला, त्यात शाखा चारच: कॉम्प्युटर सायन्स, कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग, इन्फर्मेशन सिस्टिम्स. आयटीला त्यात पाटच मांडलेला नाही!

त्याच वर्षी डिसेंबरात ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या पुढाकाराने आयटी शिकवणारे हे प्राध्यापक युटामधल्या अ‍ॅस्पन ग्रोव्हला जमले. संघटना निघाली. २००३ मध्ये ती एसीएमचा अधिकृत गट झाली, सिगआयटीई. एसीएम आणि आयईईईच्या २००५ च्या अहवालात आयटी पाचवी शाखा म्हणून आली आणि २००८ मध्ये तिचा स्वतःचा अभ्यासक्रम-आराखडा छापून झाला.

आता मुद्द्याचं. 'तुमचं वेगळं काय?' या प्रश्नाला त्यांनी उत्तर काय दिलं?

समजा, एक हॉस्पिटल आहे. केसपेपरचं सॉफ्टवेअर एका कंपनीचं, लॅबचं दुसरीचं, बिलिंग तिसरीचं. रात्री दोन वाजता लॅबचा रिपोर्ट वॉर्डातल्या स्क्रीनवर येत नाही. सिस्टर दर दहा मिनिटांनी लॉग-आउट होतात, म्हणून सगळ्यांनी मिळून एकच पासवर्ड मॉनिटरला चिकटवलाय. (हसू नका, तुमच्याही ऑफिसात असेल.) इथे नवा अल्गोरिदम नकोय. आहे ते नीट निवडणारा, एकमेकांना जोडणारा, सुरक्षित ठेवणारा आणि त्या सिस्टरला काय अडतंय हे आधी विचारणारा माणूस हवाय. म्हणून २००८ च्या आराखड्यात पाच खांब ठरले: प्रोग्रॅमिंग, नेटवर्किंग, डेटाबेस, वेब सिस्टिम्स आणि माणूस-संगणक संवाद. सुरक्षा मात्र या सगळ्यांवर पसरलेली. आणि वापरणाऱ्याची बाजू घेणं, हे तर आयटीवाल्याचं कामच मानलं गेलं.

मला यातला पाचवा खांब सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे बहुतेक पोरं तो विषय परीक्षेच्या आदल्या रात्री वाचतात.

आपल्याकडे गंमत उलटी झाली. पाटी आधी लागली. आयटीची हवा होती, कॉलेजांनी शाखा काढल्या, पण अनेक ठिकाणी विषय, पुस्तकं, एवढंच काय शिकवणारे सरसुद्धा कॉम्प्युटरचेच. एमटेकच्या प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेचा पेपर बघा: 'कॉम्प्युटर सायन्स अँड इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी', दोघांना मिळून एकच. कॅम्पसला येणाऱ्या कंपन्याही बहुधा दोघांना एकाच रांगेत बसवतात. म्हणजे नोकरीपुरतं काकांचं म्हणणं चालून जातं.

तरी फॉर्म भरण्याआधी त्या विद्यापीठाच्या साइटवरून दोन्ही शाखांच्या तिसऱ्या वर्षाचा सिलॅबस डाउनलोड करा आणि शेजारी-शेजारी ठेवून बघा. दोन-तीनच विषय वेगळे निघाले, तर शाखेसाठी जीव टाकू नका, कॉलेज बघा. पण नेटवर्क आणि सिक्युरिटीची प्रॅक्टिकल्स खरंच वेगळी असतील, तर कॉलेजात जाऊन एवढंच विचारा: सर्व्हरला मुलं स्वतः हात लावतात, की लॅब असिस्टंट करून दाखवतो?