पाणी येतं, पण परवडतं का?

श्रोतेहो, नमस्कार.

उन्हाळा लागला की नागपूरच्या गल्लीगल्लीत सकाळी एकच चौकशी असते, "नळ आले का?" मला आज त्याच्या पुढचं विचारायचं आहे. आलेलं पाणी परवडतं का?

पेंच प्रकल्प आणि कन्हान नदी यांवर आपलं शहर पाणी पितं. बिल मीटरवर येतं. एक युनिट म्हणजे 1000 लिटर, आणि वापर वाढला की दर वरच्या टप्प्यात जातो. उधळपट्टीला आळा बसावा म्हणून ही पद्धत, आणि ती योग्यच आहे. पण तिच्यातली एक खोट गरिबाला भोवते.

हिशेब करून बघा. शहरात माणशी रोज 135 लिटर, हे सरकारी मानक. म्हणजे पाच माणसांच्या घराला महिन्याला साधारण 20 युनिट लागतात. आता एका मीटरवर तीन बिऱ्हाडं असली तर? कुणी बादलीभर पाणीही वाया घालवलं नाही, तरी मीटर 60 युनिट दाखवणार. मीटर पाणी मोजतो, चुली मोजत नाही. म्हणून भाड्याच्या खोलीतलं कुटुंब वरच्या टप्प्याचा दर भरतं आणि बंगल्यातलं तीन माणसांचं घर खालच्या. हा अन्याय आहे.

पाण्याचा खर्च मिळकतीच्या 3 टक्क्यांच्या आत असावा, अशी एक फुटपट्टी जगभर वापरतात. महिन्याला 12,000 रुपये कमावणाऱ्या घरासाठी हे झाले 360 रुपये. त्यात नुसतं बिल धरून भागत नाही. टिल्लू पंपाची वीज, प्यायला विकत आणलेले कॅन, हेही धरा. जिथं नळाची लाइनच पोचली नाही, त्या ले-आउटमध्ये दारात ड्रम मांडून टँकरची वाट बघावी लागते. टँकर येईपर्यंत घरातल्या एका बाईची रोजी बुडते. ती रोजी कोणत्याच बिलावर दिसत नाही, पण पाण्यापायीच गेलेली असते.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं 28 जुलै 2010 ला पाणी हा मानवी हक्क मानला. परवडणारं पाणी, असा शब्द त्या ठरावात आहे. तेव्हा सामायिक मीटरवर दराचा टप्पा बिऱ्हाडांच्या संख्येनुसार लावा आणि नव्या जोडणीचा खर्च हप्त्यांनी घ्या, ही मागणी आपण आपल्या नगरसेवकाकडे लेखी करायला हवी.

तोवर घरी एक करा. रात्री सगळे नळ बंद करून मीटरमधली बारीक चक्री टॉर्चनं बघा. ती फिरत असेल तर कुठंतरी गळती आहे, आणि तिचे पैसे तुम्हीच भरताय. आधी फ्लशची टाकी तपासा, बहुतेक वेळा पाणी तिथूनच जातं.