खाली ओलं, वर कोरडं

श्रोतेहो, नमस्कार. वात तेल कसं वर ओढते, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्याच ओढीवर एडविन सदर्न या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञाचं नाव झालं.

ते एडिंबरात बेडकाच्या जनुकांवर काम करत. डीएनएचे लहानमोठे तुकडे वेगळे व्हायचे अगारोजच्या वडीत. चायना ग्रासचीच भावकी ती, लिबलिबीत. हवा तो तुकडा तिच्यात हुडकायचा कसा? सदर्ननी खाली मिठाच्या पाण्याने भिजलेला कागद ठेवला, त्यावर वडी, वडीवर नायट्रोसेल्युलोजचा पापुद्रा आणि वर कोरड्या कागदांची चळत. खाली ओलं, वर कोरडं. पाणी वर चढतं, तुकडे पापुद्र्यावर अडकतात, जिथल्या तिथे. मग हव्या त्या तुकड्यालाच चिकटणारा किरणोत्सारी डीएनए त्यावर सोडायचा, की एक्स-रे फिल्मवर तिथे पट्टी उमटते. ही युक्ती १९७५ साली छापून आली, नाव पडलं सदर्न ब्लॉट. सदर्न म्हणजे दक्षिणेचा, म्हणून पुढच्यांनी गमतीत आरएनएच्या पद्धतीला नॉर्दर्न म्हटलं, प्रथिनांच्या पद्धतीला वेस्टर्न. शास्त्रज्ञ अॅलेक जेफ्रीजना १९८४ साली माणूस ओळखून देणारे डीएनएचे ठसे सापडले तेही याच पापुद्र्यावर.

आता माझी गोष्ट. बडोद्यात एका प्रयोगशाळेत उमेदवारी करत होतो. टिपकागद महाग. (आज शेवउसळीबरोबर तिकिटाएवढा नॅपकिन देतात, त्याने काय पुसायचं देव जाणे!) मी दांडिया बाजारातल्या घरमालकीणबाईंकडून रद्दी आणली, कापून चळत रचली. खाली ओलं, वर कोरडं. वर किराणावाल्याकडचं अर्ध्या किलोचं वजन ठेवलं आणि घरी जाऊन झोपलो.

सकाळी टेबल लख्ख! वजन एका बाजूला, वडी कचऱ्यात. पाय लटपटले. चौकीदार काका हसत आले, म्हणाले, "तमारां छापां पलळी गयां'तां, भाई!" गच्चीत सगळे कागद ओळीने वाळत घातलेले, प्रत्येकावर खडा. शेवटच्या खड्याखाली माझा पापुद्रा.

ओरडणार तरी कोणावर? माणसाने मायेनेच केलं होतं. पापुद्रा उचलला, ऐंशी अंशांवर दोन तास भाजला, पुढचे सोपस्कार उरकले.

हो, सदर्न राहिलेच. पुढे ऑक्सफर्डला गेले, काचेवर डीएनए रचायच्या तंत्राची पेटंटं घेतली. त्या पैशातून काढलेला कर्कहाउस ट्रस्ट कडधान्यांच्या संशोधनाला मदत करतो. आपली चवळीसुद्धा त्यात आली.

तर, दोन दिवसांनी एक्स-रे फिल्म धुतली. पट्टी होती, हवी तिथेच होती. आणि कोपऱ्यात काकांच्या अंगठ्याएवढा एक डाग.