मुठीतले दोन दाणे

(नर्सिंगच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मुलामुलींनो, जेनेटिक्स म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे शहरातली मोठी लॅब येते. आपल्या विदर्भात मात्र हा विषय उपकेंद्राच्या ओट्यावर रोज येऊन बसतो, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रूपानं. अकराव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात एकच अक्षर बदलतं, हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत ग्लुटामिक ॲसिडच्या जागी व्हॅलिन येतं, आणि ऑक्सिजन कमी पडला की तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. एवढं तुम्ही परीक्षेत लिहिताच.

सोल्युबिलिटी टेस्ट या रक्ताच्या प्राथमिक तपासणीत नळी गढूळ झाली, म्हणजे एस, म्हणजे हे बदललेलं हिमोग्लोबिन आहे. माणूस एएस (एकच जनुक बदललेलं) की एसएस (दोन्ही बदललेली, म्हणजे आजारी), ते इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या पुढच्या तपासण्या केल्यावरच कळतं. तोवर ‘तुला सिकलसेल आहे’ हे वाक्य तोंडातून काढू नका. लग्नाची बोलणी चालू असलेल्या मुलीचं अख्खं घर त्यानं हादरतं. एएस ही वाहक असते, तिला सहसा काही त्रास नसतो. आणखी एक, नमुना घेण्याआधी विचारा, ‘गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं होतं का?’ दुसऱ्याचं रक्त अंगात असलं की रिपोर्ट फसवतो. सहा महिन्यांच्या आतल्या बाळातही सोल्युबिलिटी टेस्ट भरवशाची नाही, कारण गर्भातलं हिमोग्लोबिन त्याच्या रक्तात अजून भरपूर असतं.

आता समजावणं. ‘पंचवीस टक्के’ म्हणून काही पोचत नाही. मी धानाचे आणि तुरीचे दाणे घेऊन बसते; धान म्हणजे चांगलं जनुक, तूर म्हणजे सिकलचं. नवरा-बायको दोघंही एएस असतील तर दोघांच्या मुठीत एक धान, एक तूर. डोळे मिटून प्रत्येकानं एक दाणा द्यायचा. दोन्हीकडून तूर आली तर बाळ एसएस. एक जोडपं मला म्हणालं होतं, ‘सिस्टर, एक लेकरू तसं झालं, आता पुढची तीन चांगली होतील.’ चारात एक, हे त्यांना कुणीतरी बरोबरच सांगितलं होतं. पण दर गर्भारपणाला दाणे पुन्हा मुठीत जातात, हे सांगायचं राहून गेलं होतं. आणि दाण्यांचा हा खेळ सासूसमोर करा. ‘सुनेनंच आजार आणला’ असं म्हणायला मग जागा उरत नाही, कारण दुसरी तूर तिच्या मुलाच्या मुठीतून आलेली तिनं स्वतः पाहिलेली असते.

1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन सुरू झालं. चाळिशीपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी, आणि निर्मूलनाला 2047 पर्यंतची मुदत. तपासणीचा निकाल लिहिलेली कार्डं वाटली जातात. कार्डासोबत कुणी बोललं नाही तर ते पेटीच्या तळाशी जाईल, याची मला फार काळजी वाटते.

गरोदर बाई एएस निघाली तर नवऱ्याला त्याच आठवड्यात बोलवा. तोही एएस निघाला, तर गर्भ एसएस आहे का ते पाहायला गर्भाच्या वारेचा नमुना दहाव्या आठवड्यानंतर घेता येतो. उशीर झाला की विचार करायला वेळच उरत नाही. निर्णय त्या दोघांचा. तुम्ही ‘हे करा’ म्हणायचं नाही.

आता कागद घ्या. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. आजी-आजोबांपासून आपल्या घराच्या तीन पिढ्या काढा.