कुलाब्याहून कुलाब्याला

(पहाट. ओहोटी. समुद्रात कुलाबा किल्ला.)

ओहोटी लागलीय. थोड्या वेळानं घोडागाड्या पर्यटकांना घेऊन किल्ल्याकडे निघतील. आपण मात्र पाठ फिरवून किनाऱ्याजवळच्या झाडीत शिरतोय. इथे 1904 पासून एकच काम चालू आहे, पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मोजायचं. अलिबागची चुंबकीय वेधशाळा.

(वेधशाळेच्या झोपडीच्या दारातून घेतलेलं दृश्य. खिसे रिकामे करणारे हात.)

आत जाण्याआधी किल्ल्या बाहेर. मोबाइल बाहेर. पट्ट्याचं बक्कलसुद्धा. आमचा कॅमेराही इथे लोखंडाचा तुकडाच ठरला, म्हणून पुढचं सगळं लांबून, झूम लावून घेतलंय. चित्र थोडं हलेल.

(खांब. त्यावर थिओडोलाइट.)

मोजणीवाले कोन मोजायला वापरतात तसलाच हा थिओडोलाइट, फक्त चुंबकाला दाद देईल असा एकही धातू यात नाही. दुर्बिणीच्या पाठीवर ती छोटी नळी दिसतेय ना, ती फ्लक्सगेट. क्षेत्र कुठल्याही दिशेला असो, ही नळी त्यातला स्वतःच्या रेषेत पडणारा भागच सांगते. वर्गात फळ्यावर आपण याला बिंदू गुणाकार म्हणतो. दोन सदिश, म्हणजे लांबी आणि दिशा असलेले बाण, काटकोनात असले की बिंदू गुणाकार शून्य, हे परीक्षेत कोणी लिहिलं नाही? इथे तो शून्य हातानं शोधतात.

(आकडे दाखवणारी पट्टी, जवळून.)

आकडा बघा. दुर्बीण आडवी ठेवून हळूहळू फिरवली जातेय. आकडा उतरतोय... उतरतोय... शून्य. म्हणजे नळी आता आडव्या क्षेत्राला अगदी काटकोनात आली. खऱ्या उत्तरेपासून चुंबकीय उत्तर किती सरकलीय, तो कोन यावरून मिळाला. दिक्पात. मग दुर्बीण चुंबकीय उत्तर-दक्षिण पातळीत आणून वर-खाली कलवायची आणि पुन्हा शून्य गाठायचा. क्षेत्र जमिनीत किती अंशांनी घुसतंय ते त्यातून कळतं. ही नती. अलिबागला ती पंचवीस-सव्वीस अंशांच्या आसपास आहे.

एका शून्यावर इथे कोणी विश्वास ठेवत नाही. नळी दुर्बिणीला तंतोतंत समांतर कधीच बसत नाही. म्हणून दुर्बीण उलटी करायची, बाजू बदलायची, परत वाचायचं. दिक्पातासाठी चार वेळा, नतीसाठी चार वेळा. सरासरी घेतली की नळी बसवण्यातली चूक निघून जाते.

(शेजारचा प्रोटॉन मॅग्नेटोमीटर. नंतर वाळूवर काठीनं काढलेला बाण.)

क्षेत्राची एकूण ताकद हे दुसरं यंत्र देतं. त्याला दिशा कळत नाही, फक्त आकडा कळतो. एक लांबी आणि दोन कोन. क्षेत्राच्या बाणाचा पत्ता लागला, आणि तो लागला स्फेरिकल, म्हणजे गोलीय निर्देशकांत.

तोच बाण जमिनीवर आडवा पाडा. आडव्या सावलीची लांबी एच, तिचा कोन डी, उभा भाग झेड. हे सिलिंड्रिकल, म्हणजे नळकांड्याचे निर्देशक झाले. एचला उत्तर आणि पूर्व असं फोडलं की एक्स, वाय, झेड, आपले शाळेतले कार्टेशियन. बाण तसूभर हलला नाही. फक्त साइन-कोसाइनच्या चार ओळी. वेधशाळेच्या कागदांत मात्र वर्षानुवर्षं जास्त बोलबाला एचचा, कारण सूर्याकडून वादळ आलं की आपल्या अक्षांशावर सगळ्यात आधी तोच डगमगतो.

गोल पृथ्वीला गोल अक्ष घ्यावेत, हे 1839 मध्ये जर्मन गणितज्ञ गाउसनं करून दाखवलं. जगभरातली मोजमापं गोलीय निर्देशकांत मांडली आणि सिद्ध केलं की या क्षेत्राचा जवळजवळ सगळा उगम पृथ्वीच्या पोटातच आहे. तेव्हा मुंबईच्या कुलाब्याला अजून एकही चुंबकीय वाचन झालेलं नव्हतं. तिथली सुरुवात 1841 ची.

(जुनी छायाचित्रं: घोड्यांची ट्राम, मग विजेची.)

मुंबईतलं काम पुढे बंद करून इथे अलिबागला आणावं लागलं. का, त्याचं उत्तर या चित्रात आहे. घोड्यांच्या ट्रामला वीज जोडायचं ठरलं. विजेच्या तारेभोवती क्षेत्र गोल गोल फिरतं. तिथे एक्स-वाय घेऊन बसलात तर पानभर वर्गमुळं. सिलिंड्रिकल घेतलेत तर सगळं तारेपासूनच्या एका अंतरावर येतं. अंतर दुप्पट, क्षेत्र निम्मं. 100 अँपिअर वाहणारी एकच लांब सरळ तार 1 किलोमीटरवर 20 नॅनोटेस्ला देते. नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक, टेस्लाचा अब्जावा भाग. अलिबागचं आडवं क्षेत्र सुमारे 38 हजार नॅनोटेस्ला. त्यापुढे 20 म्हणजे काहीच नाही. पण सूर्यामुळे रोज जो चढउतार होतो, तोच मुळी काही दशक नॅनोटेस्लांचा. शिवाय ट्रामचा परतीचा प्रवाह रुळांतून जमिनीत झिरपतो. तो कुठून कसा जाईल, त्याचं गणित कोण मांडणार?

(नानाभॉय मूस यांचं छायाचित्र. दगडी इमारत, आतल्या भिंती.)

नानाभॉय आर्देशिर फ्रामजी मूस. कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक. वेधशाळा त्यांनी समुद्रापलीकडे हलवली, आणि गंमत अशी की मुंबईच्या कुलाब्याहून निघून ती तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, कुलाबा किल्ल्यासमोरच येऊन बसली. दगड पोरबंदरचा, चुंबकत्व नसलेला. खोलीच्या आत खोली, कारण तापमान हललं की चुंबकही हलतो.

पण मूस यांचं खरं शहाणपण दगडात नाही. 1904 ते 1906 ही दोन वर्षं त्यांनी कुलाबा आणि अलिबाग, दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी चालू ठेवल्या. दोन ठिकाणचे बाण वेगळे असणारच. त्यांच्या एकेका घटकाची वजाबाकी केली की जुनी मालिका नव्या मालिकेला सांधता येते. घाई करून एका रात्रीत सामान हलवलं असतं, तर साठ वर्षांच्या नोंदी मागे सुट्या राहिल्या असत्या. विजेची ट्राम 1907 मध्ये धावली.

(जुन्या नोंदवह्यांची पानं.)

त्या साठ वर्षांत 1859 चा सप्टेंबर आहे. सूर्याकडून आलेल्या वादळात कुलाब्याला एच सुमारे 1600 नॅनोटेस्लानं कोसळला होता. युरोप-अमेरिकेत तारायंत्रं बिघडली. आज तसं झालं तर वीजवाहिन्या आणि उपग्रह धोक्यात.

(पुन्हा झोपडीचं दार. थिओडोलाइट. हात.)

आठवं वाचन. आकडा उतरतोय.

शून्य.

कोन लिहिला. वेळ लिहिली.

(समुद्राचा आवाज.)